थोरलीचं बिस्किटाचं घर

थोरलीला धाकट्या जावेचा हेवा वाटत नसे. हे तिने स्वतःला इतक्या वेळा बजावलं होतं की तिला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं. हेवा वाटतो तो आपल्याहून वरचढ माणसाचा, आणि धाकटीला वरचढ मानायला थोरली तयार नव्हती. मग ईस्टर जवळ आला की पोटात जे ढवळायला लागे ते काय, असं कुणी विचारलं असतं, तर ते पित्त आहे असं तिने शपथेवर सांगितलं असतं.

धाकटी दर ईस्टरला सासूबाईंकडे जेवायला येताना आल्याच्या बिस्किटाचं घर करून आणायची. बेताचंच, पण देखणं. खमंग तपकिरी भिंती, साखरेच्या पांढऱ्या रेघांनी काढलेल्या खिडक्या, आणि छपराच्या टोकावर मार्शमॅलोची, म्हणजे मऊ साखरमिठाईची, पिवळी पिल्लं अशी ओळीने बसलेली की जणू कुणीतरी त्यांना गप्प बसायला सांगितलंय. ते घर टेबलाच्या मधोमध ठेवलं जाई. भावजी त्याच्याकडे अशा अभिमानाने बघत, की विटा त्यांनीच वाहिल्या असाव्यात. सासूबाई चष्मा काढून पुसत, पुन्हा घालत, आणि म्हणत, "हिच्या हाताला कला आहे."

त्यावर धाकटी मान कलती करून म्हणे, "काही नाही हो आई, वेळ होता म्हणून केलं."

थोरली बटाटे न्यायची. ओव्हनमध्ये भाजलेले, मोठं पातेलं भरून. बटाटे सगळे खात, दुसऱ्यांदा घेत, तिसऱ्यांदा तळ खरवडत, आणि रिकामं पातेलं घासून तिच्या हातात देत. सासूबाई तिच्याबद्दलही चांगलंच बोलत. "थोरली ना, खमकी आहे हो." आता खमकी हा शब्द वाईट नाही. छत्रीबद्दल म्हटला तर उत्तम. पण लग्न होऊन इतकी वर्षं या घरात राबल्यावर बाईला छत्रीपेक्षा थोडं वरचं काहीतरी हवं असतं. हाताला कला आहे, एवढंच. तेही चारचौघांत, आणि शक्यतो धाकटी ऐकत असताना.

आणि कला नव्हती असंही नाही. थोरली पडद्यांच्या दुकानात कापड कापायला होती. तिने कापलेला पडदा जमिनीच्या बोटभर वर थांबायचा म्हणजे थांबायचाच, मग फरशी उतरती असो नाहीतर मालक. पण पडद्याचं नशीबच खोटं. पडदा नीट लागला की माणूस खिडकीबाहेर बघतो.

"यंदा बटाटे नाहीत," एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली. "यंदा घर करणार आहे."

नवऱ्याने पेपर खाली घेतला. तो नगरपालिकेत, बांधकामाची परवानगी देतात त्या खात्यात नकाशे तपासायला होता. घर हा शब्द त्याच्या कानाला साधा लागतच नसे. "नकाशा काढलास?"

"अहो, बिस्किटाचं घर."

"कशाचं का असेना. नकाशाशिवाय उभं राहतं ते अनधिकृत."

तिने कपाळाला हात लावला. पण मनातल्या मनात तिला हेही वाटलं की धाकटी काही नकाशा काढून करत नसणार. तिचं सगळं अंदाजपंचे. आपलं रीतसर होऊ दे. म्हणून दुकानातून आल्यावर तिने पडद्याच्या मापांच्या कागदावर एक घर काढलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने खिशातून लाल पेन्सिल काढली.

"खिडक्या कमी आहेत. उजेड-वारा पुरेसा नाही."

तिने खिडक्या वाढवल्या. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा कागद परत केला. "जिना दाखवलेला नाही."

"आत कोण चढणार आहे?"

"ते तपासणाऱ्याला विचारायचं नसतं. आणि शेजारच्या बांधकामापासून अंतर किती?"

"शेजारी धाकटीचं घर असणार आहे टेबलावर."

तो जरा विचारात पडला. "मग तर सोडच अंतर. भरपूर सोड."

"सगळ्या चुका एकदाच का नाही सांगत तुम्ही?"

"तशी पद्धत नाही," तो शांतपणे म्हणाला. थोरलीला इतक्या वर्षांत प्रथमच कळलं, की नवरा ऑफिसातून खाली मान घालून घरी का येतो आणि वाटेत लोक त्याच्याकडे तसे का बघतात.

अखेर नकाशा मंजूर झाला. कोपऱ्यात सहीसुद्धा झाली. थोरलीने काकवी, लोणी, सुंठ, दालचिनी, लवंग घालून पीठ मळलं, लाटलं, आणि कागदाचे साचे ठेवून भिंती कापल्या. इथे जे झालं ते फक्त तिच्याच हातून होऊ शकत होतं. शिवणकामात कापड कापताना कडेने माया सोडतात. माया म्हणजे शिवणीच्या आत जाणारी जास्तीची पट्टी. थोरलीने जन्मात एक तुकडा बिनमायेचा कापला नव्हता. हात आपोआप चालला. चारी भिंतींना आणि छपराच्या दोन्ही पाख्यांना, चहूबाजूंनी दोन-दोन बोटं माया सुटली. बिस्किट दुमडून शिवता येत नाही, ही गोष्ट तिच्या लक्षात आली तेव्हा ती ओव्हनच्या दारात उभी होती आणि भिंत आत जात नव्हती.

"काप की कडेनं," नवरा म्हणाला. मग त्यालाच आठवलं. "नको. नकाशा मंजूर झालाय. आता बदल करायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून."

खरं तर तिलाही कापायची नव्हती. पुठ्ठ्यावर पसरलेली ती भिंत बघताना तिच्या मनात एक विचार हळूच येऊन बसला होता: हे धाकटीच्या घरापेक्षा मोठं होणार. चांगलं दुप्पट. टेबलाच्या मधोमध हे आलं की ते कुठे बसणार? कडेला. बटाट्यांच्या जागी. त्या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की पित्त एकदम बसलं.

मोठा ओव्हन तळमजल्यावरच्या ठेकेदारांकडे होता. ठेकेदार म्हणजे पूर्वी बांधकामाचे ठेके घेणारे. आता घरी बसून होते, पण नजर अजून भिंतींवरच. थोरलीने पुठ्ठ्यावर भिंत घेतली आणि जिना उतरायला लागली. मधल्या वळणावर समोरच्या दारातली बाई भेटली. या समोरचीचा स्वभाव असा, की झालेल्या कामाला ती नेहमी उलटा सल्ला देई. कामाच्या आधी कधीच नाही.

"काय हो, दार बदलताय?" ती म्हणाली. मग वास घेतला. "सुंठ लावलीय दाराला?"

"बिस्किट आहे. घर करतेय. ईस्टरला."

"काकवी घातलीत? अरेरे. मध घालायचा असतो. आणि लाटून झालं का? लाटण्याआधी फ्रिजमध्ये ठेवायचं असतं हो. माझी भाची करते ना, इतकं सुरेख करते." समोरचीने भिंतीखालून वाकून बघितलं. "तुमची जाऊ करते तेच का हे? मागच्या वर्षी फोटो दाखवला होतात तुम्ही. गोड होतं ते."

फोटो दाखवला होता तो नावं ठेवायला. माणसाने नावं ठेवायला दाखवावं आणि ऐकणाऱ्याने गोड म्हणावं, याच्यासारखं दुःख नाही. थोरली भिंत सांभाळत खाली उतरली.

ठेकेदारांनी दार उघडलं आणि भिंतीवर टकटक केलं. "भाजलेली नाही अजून."

"म्हणूनच आलेय. तुमचा ओव्हन हवाय, काका."

"पाया कशाचा आहे?"

"पाया? ताटाचा."

"सुनबाई," ठेकेदार म्हणाले, "तुम्ही ओव्हनचं विचारलंत ते बरं झालं. बाकीचं आता माझ्यावर सोडा." आणि ते चपला शोधायला लागले. काम मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते बघून तिला नाही म्हणवेना.

भिंती भाजून वर आल्या त्या ठेकेदारांसकट. त्यांच्या हातात ओळंबा होता, दोऱ्याला शिशाचा गोळा बांधलेला. ताटाऐवजी जाड लाकडी फळी आली. अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर फेटून थोरलीने आयसिंग केलं. ठेकेदार त्याला गिलावा म्हणत आणि थापीने लांबून मारत. नवरा शेजारी लाल पेन्सिल घेऊन उभा होता. खात्यात आयुष्यभर त्याने ठेकेदारांची कामं अडवलेली, आणि आता दोघे खांद्याला खांदा लावून एका बिस्किटाकडे बघत होते. थोरलीला स्वतःच्या स्वयंपाकघरात कुठे उभं राहावं ते कळेना. "जरा बाजूला होता का, सुनबाई," असं ठेकेदार दर वेळी म्हणत, आणि ती होई.

कोपऱ्यांवर मात्र घोटाळा झाला. माया सुटलेल्या भिंती एकमेकींना भेटेनात. प्रत्येक कोपऱ्यात एक भिंत दुसरीच्या पुढे येई. फोटो काढताना दोन बायकांना पुढेच उभं राहायचं असावं तसं. मधल्या फटी आयसिंगने भरल्या. छपराखाली पेन्सिलींचे टेकू लागले. उरली कौलं. कौलं मार्शमॅलोची करायची होती, कारण धाकटी नुसती पिल्लं बसवते. थोरलीने ठरवलं होतं की अख्खं छप्परच मार्शमॅलोचं, आणि वर पिल्लं, आणि अंगणात ससे.

मार्शमॅलो सुरीने कापले तर सुरीला चिकटतात. मग तिने जे केलं ते सांगायला नको, पण सांगायला हवं. तिने कपाटातून आपली कापडाची कात्री काढली. ही कात्री घरात कुणी कागदाला लावली तरी आकांत होई. नवऱ्याने एकदा या कात्रीने दोरी कापली होती, तो विषय अजून निघे. त्या कात्रीने थोरलीने मार्शमॅलो कापले. पहिला कापला, दुसरा कापला, तिसऱ्याला पाती एकमेकांना चिकटली आणि उघडेनात. नवऱ्याने बघितलं. त्याने लाल पेन्सिल खिशात घातली. तिला त्याने काहीतरी बोलायला हवं होतं.

शेवटी चिकटलेले सगळे तुकडे तिने छोट्या पातेल्यात वितळवले, बाकीचे हाताने तोडून छपरावर लावले, आणि घर उभं राहिलं. धाकटीच्या घरासारखं ते नाजूक नव्हतं, हे कबूल. त्यात एखादं सरकारी गोदाम वाटण्यासारखं काहीतरी होतं. पण मोठं होतं, सरळ होतं, ओळंब्याला पास होतं. दिवाणखान्याच्या खिडकीपाशी ते ठेवून ती समोर बसली आणि सासूबाईंच्या आवाजात ते एक वाक्य मनात म्हणून बघितलं. दोनदा. छान वाटलं.

शनिवारी दुकान अर्धा दिवस होतं. "घराकडे लक्ष ठेवा," असं नवऱ्याला सांगून ती गेली. एका बाईने स्वतःच खिडकीचं तोकडं माप दिलं होतं आणि आता ती पडदे मापात करून द्या म्हणत होती. त्या भानगडीत जरा उशीर झाला. परत आली तेव्हा जिन्यातच तिला ठेकेदार दिसले. त्यांच्या हातात कुंड्यांना पाणी मारायचा फवारा होता.

"आता काळजी नको," ते म्हणाले. "सकाळपासून मारतोय."

"काय मारताय?"

"पाणी. नव्या बांधकामाला पाणी नको? गिलाव्याला भेगा पडतात नाहीतर."

थोरली उरलेल्या पायऱ्या कशा चढली ते तिला आठवत नाही. दिवाणखान्यात नवरा घरापुढे स्टुलावर बसला होता आणि त्याच्याही हातात ओला फडका होता. घर बसलं होतं. म्हणजे पडलं नव्हतं. बसलं होतं, दमलेला माणूस बसतो तसं. भिंती पोटात फुगल्या होत्या. छप्पर एका बाजूला कललं होतं आणि वरची पिल्लं घसरून अंगणातल्या सशांवर जमली होती.

"मघाशी सरळ होतं," नवरा म्हणाला.

"अहो, बिस्किटाला पाणी?"

"काका म्हणाले पाणी मारलं की मजबुती येते."

"विटेला येते. सिमेंटला येते. तुम्ही चहात बिस्किट बुडवता ना रोज सकाळी? तेव्हा मजबुती येते का त्याला?"

त्याने ओल्या फडक्याकडे बघितलं. रोज सकाळी चहात बिस्किट बुडवणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. दारात उभे राहून ठेकेदार म्हणाले, "माझ्या हयातीत पाण्याने काम बिघडलेलं मी पाहिलं नाही," आणि हळूच दार ओढून घेऊन खाली गेले.

थोरली रडली असती. बटाटे आणायला बाजार अजून उघडा होता. फोन करून "यंदा नाही जमत" म्हणता आलं असतं, डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण तेवढ्यात घरच्या ग्रुपवर फोटो आला. धाकटीचं घर. यंदा दोन मजली. खिडकीतून मार्शमॅलोचा ससा डोकावतोय, वर धुराड्यातून कापसासारखा साखरेचा धूर. खाली लिहिलेलं, "थोडा वेळ मिळाला." त्याखाली सासूबाईंचा टाळ्यांचा हात, आणि पाठोपाठ आणखी एक, कारण त्यांचं बोट दोनदा लागायचं.

थोरलीच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी वाळलं. तिने पदार्थ म्हणून नाही, प्रतिष्ठा म्हणून ते घर पुन्हा उभं करायला घेतलं. वितळवलेला मार्शमॅलो पातेल्यात होताच. तो गरम करून तिने कोपऱ्यात ओतला, भिंतींना लावला, छपराच्या सांध्यात भरला. जिथे जिथे घर बसू बघत होतं तिथे तिथे तिने ते चिकटवलं. सकाळी निघेपर्यंत ते पुन्हा उभं होतं. सरळ म्हणता येणार नाही, पण उभं.

गाडीत मागच्या सीटवर थोरली बसली आणि फळीसकट घर मांडीवर घेतलं. उजवीकडची भिंत गाडी हलली की बाहेर येई, म्हणून तिने तिथे उजवा तळहात लावला. सकाळचं ऊन खिडकीतून थेट तिच्यावर पडत होतं. नवरा इतक्या हळू चालवत होता की मागच्या गाड्या आधी हॉर्न वाजवत, मग ओलांडून जाताना आत बघत, आणि आतलं दृश्य बघून गप्प होत. मार्शमॅलो ऊन लागलं की मऊ होतो. सावलीत आला की घट्ट होतो. हे ज्ञान थोरलीला सासूबाईंच्या दारात, गाडीतून उतरताना झालं. तिने हात काढायला बघितला. हाताबरोबर भिंत आली.

"थांब," नवरा म्हणाला, "ओढू नकोस. ती भिंत भार घेतेय."

दार धाकटीने उघडलं. "या ना वहिनी. अय्या, तुम्हीपण घर केलंत?" तिची नजर छपरापासून अंगणापर्यंत जाऊन आली. "किती मोठं आहे." मोठं याच्यापुढे तिला दुसरं विशेषण सापडलं नाही, हे थोरलीने टिपून ठेवलं. "द्या, मी धरते."

"राहू दे."

"अहो, जड असेल."

"मला सवय आहे."

आत टेबलाच्या मधोमध धाकटीचं दोन मजली घर बसलं होतं. जागेवरून हलवायचा प्रश्नच नव्हता. थोरलीचं घर कडेला आलं, आणि त्याच्याबरोबर थोरलीही. ती खुर्चीवर बसली, उजवा हात भिंतीवर, जणू कुणीतरी तिला घरासोबत फोटो काढायला बसवलंय. भावजींनी ब्रेड मागितला. तिने डाव्या हाताने दिला. सूप डाव्या हाताने प्यायली. मिठाची बाटली डाव्या हाताने सरकवली.

"वहिनी, हात का धरून बसलात?" भावजी म्हणाले. "घर पळून जाणार आहे का?"

"आधाराला आहे," नवरा म्हणाला. "तात्पुरता."

धाकटीने फक्त आपल्या घराची ताटली जरा फिरवली, म्हणजे ससा सासूबाईंकडे बघेल. सासूबाईंनी चष्मा पुसला, परत घातला. थोरलीने मान खाली घातली. ते वाक्य आलं. दर वर्षी यायचं तसंच, तितकंच कौतुकानं. मग सासूबाईंचा चष्मा हळूहळू टेबलाच्या कडेकडे वळला.

"आणि हे तू केलंस?"

"हो, आई."

"मग सोड की ते. जेव नीट."

"नाही सुटत, आई."

भावजींनी तोंडाशी रुमाल नेला. थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत ती या टेबलावर दमली होती, रागावली होती, एकदा उठून गेली होती. पण चिकटलेली अशी कधीच नव्हती. आणि समोर धाकटीच्या खिडकीतला ससा सगळं बघत होता.

सासूबाई खुर्ची ओढून तिच्याशेजारी आल्या. सूपाचा चमचा हातात होताच. "हलू नकोस," म्हणाल्या आणि थोरलीच्या तळहाताभोवतीची भिंत खरवडायला लागल्या. चमचाभर आली. टाकायला जागा दिसेना, म्हणून त्यांनी तो चमचा तोंडात घातला. मग दुसरा चमचा काढला. मग तिसरा.

सासूबाईंची नवी कवळी बसत नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती रुमालात गुंडाळून ताटलीशेजारी ठेवलेली असे आणि गेले कित्येक दिवस त्या सूपावर होत्या. बटाटेसुद्धा कुस्करून. धाकटीच्या घराचं त्यांनी दर वर्षी कौतुक केलं होतं. त्याचा तुकडा मोडून तोंडात घालावा असं मात्र कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं, आणि बाकी कुणाच्याही नाही.

"हे विरघळतंय गं," सासूबाई म्हणाल्या. "सुंठ लागतेय छान." आणि त्यांनी बशी पुढे केली.

थोरलीचा हात सुटायला वेळ लागला, कारण सासूबाई आता हात सोडवत नव्हत्या, जेवत होत्या. एक अख्खी भिंत गेली. छप्पर तिरकं होऊन आत आलं. त्यांनी ते कौलांसकट घेतलं. नवऱ्याने, छप्पर पाडायला परवानगी लागते असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. भावजी चमचा घेऊन आले. जिना दाखवला होता तिथून त्यांनी सुरुवात केली.

सासूबाईंनी तोंड पुसलं, थोरलीचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "हिच्या हाताला—"

थोरलीने श्वास रोखला. धाकटीने मान वर केली.

"—अजून थोडं लागलंय. आण इकडे." आणि अंगठ्याजवळचं चमच्याने काढून घेतलं.

आता ते वाक्य कधीच येणार नाही, हे थोरलीला त्याच क्षणी कळलं. आणि नवल म्हणजे तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही, कारण तिचं लक्ष धाकटीकडे गेलं होतं. धाकटीने आपल्या घराचं धुराडं मोडलं होतं, कधी नव्हे ते, आणि ते बशीत घालून पुढे करत होती. "आई, हेपण घ्या ना थोडं."

सासूबाईंनी धुराड्यावर चमचा वाजवला. टक टक आवाज आला. "अगं, कशाला मोडलंस? किती सुंदर होतं," त्या म्हणाल्या आणि थोरलीच्या मागच्या भिंतीकडे वळल्या.

धाकटी धुराडं हातात घेऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते थोरलीने ताबडतोब ओळखलं. त्याला पित्त म्हणतात.

नंतर थोरली स्वयंपाकघरात कोमट पाण्याखाली हात धरून उभी असताना धाकटी मागे येऊन टॉवेल घेऊन थांबली. जरा वेळ तिने टॉवेलच्या कडा जुळवल्या.

"वहिनी, इतकं मऊ कसं झालं हो? माझं दगडासारखं होतं. मला वाटायचं, तसंच असतं. एकदाही कुणी खाल्लं नाही हो." ती हसली, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. "पुढच्या वर्षी आईंना खाता येईल असं करायचंय मला. सांगाल?"

थोरलीचं मन विरघळलं. खरंच विरघळलं. ही पोरगी दर वर्षी एकटी बसून साखरेच्या रेघा ओढते आणि कुणी तुकडाही मोडत नाही, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिने ओले हात टॉवेलला पुसले आणि सगळं सांगायला घेतलं. काकवी किती, सुंठ किती, लोणी आधी की नंतर. मध घालायचा नाही, कुणी काही म्हणो. कापताना चहूबाजूंनी दोन बोटं माया सोडायची. धाकटी एकेक गोष्ट पुटपुटत पाठ करत होती.

"आणि मग भाजायचं," थोरली म्हणाली. "आणि जोडायचं."

"बस? एवढंच?"

सांगून टाकावं असं थोरलीला मनापासून वाटलं. ओठांपर्यंत आलंही. तेवढ्यात उष्ट्या बशा घेऊन नवरा दारात आला. "अगं, पण पाणी—"

"ह्यांना पाणी हवंय," थोरली म्हणाली. "दे गं जरा."

धाकटीने लगबगीने ग्लास भरून दिला. नवऱ्याने एकदा ग्लासाकडे बघितलं, एकदा बायकोकडे, बशा ओट्यावर ठेवल्या आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं. शेजारी धाकटी बोटांवर मोजत पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती: काकवी, सुंठ, लोणी, दोन बोटं माया.